अण्णांच्या डोक्यातलं पाणी

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, सासऱ्यांना 'मामंजी' म्हण. मी म्हणूनही पाहिलं, पण तो शब्द माझ्या तोंडात काही बसेना. हाक मारायची वेळ आली की मी समोर जाऊन उभी राहायची आणि ते वर बघण्याची वाट बघायची. एकदा पेपरातून डोकं वर काढून तेच म्हणाले, "अगं, सगळे अण्णा म्हणतात, तूही म्हण. उगाच बिचारी ताटकळतेस." तेव्हापासून ते माझेही अण्णाच झाले.

अण्णा कल्याणच्या एका शाळेत पीटीचे सर होते. गावाकडून, म्हणजे राजापूरच्या बाजूने, लहानपणीच इकडे आलेले. शाळेत लेझीम शिकवायचे, कवायत घ्यायचे आणि स्नेहसंमेलनाला मुलांचे मनोरे रचायचे. माणूस बुटका, काटक. चालायला लागले की हात खांद्यापासून हलायचे. सासूबाई त्यांच्याबरोबर बाजारात जायला तयार नसत. "त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे धावायचं," म्हणायच्या. मी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सकाळची पाळी असली की अण्णा मला स्टेशनपर्यंत सोडायला यायचे, आणि मी धापा टाकत पोचले की म्हणायचे, "तुला व्यायाम नाही, बसून बसून फोन जोडतेस."

त्या माणसाचं चालणं बिघडलं. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, चप्पल नवी आहे. पाय उचलण्याऐवजी ते घासत चालत होते. मग नवऱ्याने दुसरी चप्पल आणली, तरी तेच. पुढे पुढे ते दारात येऊन थबकायला लागले. उंबरठा ओलांडायचा तर पाय उचलायचाच नाही. जणू फरशीला कोणी डिंक लावून ठेवलाय. एकदा का निघाले की जरा चालायचे, पण वळायचं झालं की पुन्हा तसंच. जागच्या जागी छोटी छोटी पावलं टाकत वळायचे, गाडी मागेपुढे करून अरुंद गल्लीत वळवावी तसे. दोनदा पडले. एकदा दूध केंद्रासमोर, एकदा मोरीत.

शेजारपाजारचे सल्ले द्यायला लागले. कोणी तेल सुचवलं, कोणी मेथीचे लाडू. "वय झालं हो," असं बहुतेकांचं म्हणणं. अण्णा तेव्हा साठीच्या थोडे पुढे होते. आमच्या फॅमिली डॉक्टरांना कंपवाताची शंका आली. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, पण फरक पडेना. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "यांचा हात थरथरत नाही, चेहरा मात्र उतरलाय. मला नीटसं कळत नाहीये."

चेहरा उतरला होता हे खरं. अण्णा बोलेनासे झाले होते. काही विचारलं तर उत्तर यायचं, पण फार उशिरा. आमच्या एक्स्चेंजमध्ये बाहेरगावच्या जुन्या ट्रंक लाईनवर असं व्हायचं. इकडचा माणूस 'हॅलो हॅलो' करून कंटाळायचा, आणि त्याने फोन ठेवता ठेवता तिकडून आवाज यायचा. अण्णांशी बोलताना मला तेच आठवायचं. "अण्णा, भात वाढू का?" विचारून मी आमटी वाढून पुढे गेले की मागून यायचं, "थोडा." मी वाट बघायला शिकले. माझ्या नवऱ्याला मात्र ते जमायचं नाही. तो ठाण्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता, दिवसभर मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. त्याला वाटायचं वडिलांना ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने विचारायचा. अण्णा आणखी गप्प व्हायचे.

मग विसरणं सुरू झालं. आज वार कोणता, जेवण झालं की नाही, पेन्शन आणायला बँकेत कधी जायचं. आमच्या मुलीचं बारसं त्याच वर्षी झालं. अण्णा पाळण्याशेजारी खुर्चीवर बसून होते, छान धोतर नेसवलेलं. त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "हे कोणाकडचं कार्य आहे?" सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडचंच," आणि त्यांच्या हातात पेढा दिला.

आणखी एक गोष्ट होती. ती घरात सासूबाईंना आणि मला, दोघींनाच ठाऊक होती आणि दोघीही त्याबद्दल एकमेकींशी बोलत नव्हतो. सकाळच्या पाळीला मी लवकर उठायची, तर सासूबाई माझ्याही आधी उठून मोरीत चादर धूत असायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "तांब्या लवंडला गं." दोन दिवसांनी पुन्हा तांब्या लवंडलेला. दुपारी वाळत घातलेल्या लुंग्यांची रांग वाढत चालली होती. मी समजले होते, आणि मी समजले आहे हे त्याही समजल्या होत्या. एकदा मी न बोलता गादीखाली घालायला रबरी कापड आणून ठेवलं. त्यांनीही न बोलता ते घातलं.

शेवटी फॅमिली डॉक्टरच म्हणाले, "ठाण्याला मेंदूचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. त्यांना दाखवा." नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये ते यायचे. आम्ही शेजाऱ्यांच्या ओळखीची टॅक्सी ठरवली आणि शिळफाट्यावरून मुंब्र्याच्या रस्त्याने निघालो. अण्णा पुढे बसले. पारसिकचा डोंगर दिसल्यावर ते कितीतरी वेळ काचेतून बघत राहिले.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी अण्णांना खोलीत चालायला सांगितलं, वळायला सांगितलं. गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. अण्णा पहिल्याच वजाबाकीत अडकले. मग डॉक्टर म्हणाले, "पूर्वी काय करायचात?" बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "कवायत."

"मेंदूचा फोटो काढून घेऊ," डॉक्टर म्हणाले. "सीटी स्कॅन. आता ठाण्यातच मशीन आलंय, मुंबईला जायला नको."

स्कॅन शब्द आम्ही पेपरात वाचला होता, इतकंच. त्या केंद्रात थंडगार एसी होता, चपला बाहेर काढायच्या होत्या. काचेपलीकडे मोठ्या पांढऱ्या रिंगणासारखं ते मशीन, मधे भोक, आणि त्या भोकात सरकणारी अरुंद खाट. सासूबाईंनी माझा हात धरला. "आत घालणार त्यांना?"

"फक्त डोकं, आजी," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. "दुखत नाही. पण अजिबात हलायचं नाही. हलले तर फोटो पुसट येतो."

हलायचं नाही हे अण्णांना समजावणं अवघड गेलं. त्यांना झोपवलं की ते डोकं उचलून आम्हाला शोधायचे. तंत्रज्ञाने दोन-तीनदा समजावलं. मग माझा नवरा पुढे झाला. शाळेची सगळी वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकलेला तो. त्याने पाय जुळवले आणि अण्णा द्यायचे तसाच खणखणीत आवाज दिला, "सावधान!"

अण्णांचे हात खाटेला चिकटले, हनुवटी सरळ झाली आणि नजर छताला लागली. तंत्रज्ञ हसला. आम्ही बाहेर आलो, दार बंद झालं आणि मशीन गुरगुरायला लागलं. काचेतून मला त्यांचे पाय दिसत होते, टाचा जुळलेल्या. संपेपर्यंत ते तसूभरही हलले नाहीत. दार उघडल्यावर माझा नवरा आत गेला, म्हणाला, "विश्राम, अण्णा," आणि बाहेर येऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने सांगितलेलं काही अण्णांनी चटकन ऐकलं होतं ते तेव्हाच.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ती मोठी काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. कलिंगडाच्या आडव्या चकत्या कापाव्यात तसे डोक्याचे फोटो होते, ओळीने. प्रत्येकात मधोमध काळं, फुलपाखरासारखं काहीतरी.

"ही मेंदूतल्या पाण्याची जागा," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाच्या मेंदूत अशा पोकळ्या असतात. तिथे पाणी तयार होतं, सगळीकडे फिरतं आणि शोषलं जातं. यांच्या या पोकळ्या फार मोठ्या झाल्यात."

"म्हणजे मेंदू सुकला?" नवऱ्याने विचारलं.

"तेच बघायचंय. वयाने मेंदू आक्रसतो, तेव्हाही आतल्या पोकळ्या मोठ्या दिसतात. पण मग बाहेरच्या घड्यांमधल्या फटीही रुंद व्हायला हव्यात. इथे वरच्या बाजूला बघा, फटी दाबल्यासारख्या दिसतात. मला वाटतंय पाणी नीट शोषलं जात नाहीये." ते थांबले आणि सासूबाईंकडे वळले. "आजी, एक विचारतो. यांना लघवीवर ताबा राहतो का?"

नवरा म्हणाला, "नाही नाही, तसं काही नाही." त्याला खरंच माहीत नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं, त्या तांब्याचं सांगणार. पण त्या म्हणाल्या, "राहत नाही. पुष्कळ दिवस झाले. मी कोणाला बोलले नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "हिला माहितेय."

डॉक्टरांनी मान डोलावली, आणि मला आठवतंय, त्यांचा चेहरा चक्क उजळला. आम्हाला ते विचित्रच वाटलं. "आजी, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. पाय अडखळणं, विसरणं आणि हे, तिन्ही एकत्र आलं आणि फोटो असा असला की एका आजाराची शंका घेता येते. आणि तो आजार कधीकधी बरा होतो. नक्की असं मी म्हणत नाही. आधी एक चाचणी करू."

चाचणी अशी होती की कण्यातून सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि मग चालण्यात फरक पडतो का बघायचं. त्यासाठी अण्णांना त्याच नर्सिंग होममध्ये दाखल केलं. सकाळी डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यातून चालवून बघितलं. नेहमीसारखेच चालले. घासत, थबकत, नर्सचा हात धरून. मग पाणी काढलं. नर्सने मला ती बाटली दाखवली. मला वाटलं होतं गढूळ काहीतरी असेल. ते नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ होतं.

दुपारपर्यंत अण्णा पडून होते. विचारलं तर डोकं जड झालंय म्हणत होते. सासूबाई त्यांना डब्यातला मऊ भात भरवून डुलक्या घेत होत्या. चारच्या सुमाराला मी थर्मासमधून चहा ओतत होते, तर मागून आवाज आला, "साखर कमी घाल."

मी वळले. अण्णा खाटेवर उठून बसले होते. मी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून बोलले होते.

मी कप तसाच ठेवून नर्सला बोलवायला गेले. परत येते तो अण्णा पाय खाली सोडून उभे राहिलेले. नर्स धावत पुढे झाली, पण त्यांनी हात मागे घेतला. ते व्हरांड्याच्या दारापर्यंत चालत गेले. अगदी पूर्वीसारखे नाही, पाय अजून जड होते, पण उचलले जात होते. मी दाराकडेच बघत होते, कारण दार म्हणजे त्यांची थांबायची जागा. ते थांबले नाहीत. उंबरठा ओलांडून गेले, खिडकीशी जाऊन वळले आणि म्हणाले, "तिला उठव. मान अवघडेल तिची."

सासूबाई जाग्या झाल्या तेव्हा अण्णा त्यांच्या समोर उभे. त्या एकदा त्यांच्या पायांकडे आणि एकदा चेहऱ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, चप्पल तरी घाला, फरशी गार आहे." आणि मग रडायला लागल्या.

हा फरक टिकणारा नव्हता. डॉक्टरांनी तसं सांगूनच ठेवलं होतं. पाणी पुन्हा साठणारच. चारपाच दिवसांत पाय पुन्हा फरशीला चिकटले, आणि ते बघणं आधीपेक्षा जड गेलं. पण आता काय करायचं ते कळलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मेंदूतल्या पोकळीपासून एक बारीक नळी कातडीखालून मानेवरून, छातीवरून खाली पोटात सोडली. जास्तीचं पाणी तिथे जाणार आणि शरीर ते जिरवणार. कानामागे एक छोटी झडप बसवलेली, बोट लावलं तर कातडीखाली लागायची. अण्णांना टक्कल होतंच, त्यामुळे केस काढायला फारसे नव्हते. ती झडप ते पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये 'अण्णांच्या डोक्यात पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी नळ बसवला' अशी बातमी पसरली, आणि ती तशी चुकीचीही नव्हती.

पुढे पुन्हा स्कॅन काढला. माझ्या नवऱ्याने दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून पाहिल्या आणि त्याचा चेहरा पडला. काळं फुलपाखरू जवळजवळ तेवढंच होतं. डॉक्टरांकडे गेल्यावर त्याने तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "फोटोत फार फरक दिसेलच असं नाही. आता फोटो बघू नका, त्यांना बघा." अण्णा तेव्हा बाहेर व्हरांड्यात एका पेशंटला पाठ ताठ ठेवून कसं बसायचं ते शिकवत होते.

घर हळूहळू बदललं. आधी चादरी थांबल्या. सासूबाई उशिरा उठायला लागल्या आणि सकाळचा चहा मी करायला लागले. त्या उठून आयता चहा घ्यायच्या आणि अजिबात संकोचायच्या नाहीत, याचं मला फार बरं वाटायचं. मग अण्णा भाजीला जायला लागले. आधी नवऱ्याबरोबर, मग काठी घेऊन एकटे. पूर्वीचा वेग आला नाही. सासूबाई आता त्यांच्याबरोबर बाजारात जायला आनंदाने तयार असायच्या. दोघं सारख्याच चालीने चालायची. मी गॅलरीतून बघायची.

डोक्यातलं सगळं परत आलं असं नाही. हिशेबात ते कच्चेच राहिले आणि नवीन माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आणि ते आजारपणाचं जवळजवळ अख्खं वर्ष त्यांच्याकडे नव्हतंच. मुलगी रांगायला लागली होती. ते तिला मांडीवर घेऊन विचारायचे, "हिचं बारसं कुठे केलं?"

नव्वद सालानंतरची गोष्ट असेल. एका दुपारी माझी पाळी संपत आली होती आणि एक्स्चेंजच्या वॉचमनने निरोप दिला, "मॅडम, खाली तुमचे वडील आलेत." माझे वडील तर सांगलीला. मी घाबरून खाली आले. फाटकाशी काठी टेकून अण्णा उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"तुम्ही एकटे आलात?"

"बसने आलो. जुनी शाळा बघून आलो. शिपाई ओळखीचा निघाला." मग जरा थांबून, "घरी तुझ्याबरोबर आलो असं सांगू. नाहीतर ती ओरडेल."

आम्ही काळ्या तलावाजवळ गेलो. कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. ऊन उतरलं होतं, पाण्यावर वारा होता. अण्णांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "एक सांग. त्या वर्षी मी तुम्हाला फार त्रास दिला का? तुझा नवरा म्हणतो, नाही. सासू तर विषयच बदलते. तू सांग, तू खोटं बोलत नाहीस."

मी विचार केला. मग त्यांना एक गोष्ट सांगितली. एकदा दुपारी ते आपल्या मजल्यावर न थांबता एक मजला वर चढून गेले होते. कसे चढले देव जाणे. वरच्या काकूंचं दार उघडं होतं. हे आत जाऊन आरामखुर्चीत बसले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर हे त्यांना म्हणाले, "या, बसा. घरात सगळी बाहेर गेलीत, चहा मात्र मला येत नाही." काकूंनी चहा केला. दोघांनी घेतला. जाताना काकूच पाहुण्यासारख्या दारापर्यंत गेल्या, "येते हं," म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून खाली आमच्याकडे घेऊन आल्या. त्यानंतर बिल्डिंगमध्ये कोणाजवळ त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

अण्णा आधी गंभीर झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मला त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं. बाजूची माणसं बघत होती.

"भली बाई आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "तिला एकदा चहाला बोलवायला हवं. आपल्या घरी. खऱ्या आपल्या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा स्वतः एक मजला चढून गेले आणि काकूंना बोलावून आले. सासूबाईंनी पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली. अण्णांनी काकूंसाठी आरामखुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा. चहा सूनबाई करतेय."